गुरुवारचं तेल

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, झटका आला त्याला मार्गशीर्षात सात महिने होत आले होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना किती कळतंय ते सांगता येत नाही, पण तुम्ही बोलत राहा. मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. पण त्या खाटेशेजारी बसलं की "आप्पा, पेज देऊ का?" यापुढे शब्द फुटायचा नाही. माणूस आत आहे की नाही हेच ठाऊक नसेल, तर बोलायचं कुणाशी? आमच्या मानपाड्याच्या घरात त्यांच्या उशाशी दत्ताचा फोटो आहे. त्याच्यापुढे दिवा लावणं मी सोडून दिलं. रागाने नाही. हातच उचलवत नव्हता.

शेजारच्या काकू दर गुरुवारी प्रसाद घेऊन यायच्या. एकदा म्हणाल्या, "अगं, एवढी शिकलीस आणि बापाशी बोलायला शब्द नाहीत? आमच्या ह्यांच्याशी मी चाळीस वर्षं बोलतेय, ते कुठे उत्तर देतात?" मला हसू आलं. त्या गेल्यावर रडूही आलं.

पूर्वी मी ब्लॉग लिहायचे. आप्पा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर होते. तिथल्या गोष्टी, दिवा गावातल्या आमच्या खोलीतल्या, आई होती तेव्हाच्या. पानोपानी दत्ताची कृपा. मग कॉलेजातल्या एकीने खाली लिहिलं, "कामगाराच्या घरच्या गोष्टी कोण वाचणार?" ते इतकं लागलं की मी परवानगी दिल्याशिवाय कुणाचा अभिप्राय दिसणार नाही अशी सोय करून टाकली. पुढे तिकडे फिरकलेच नाही.

एका दुपारी ब्लॉग उघडला तो कायमचा पुसायला. एवढ्या विश्वासाने लिहिलेलं आता वाचवत नव्हतं. पुसण्याआधी दिसलं, एक अभिप्राय परवानगीची वाट बघत पडलाय. तीन वर्षं. कुणा अनोळखी बाईचा. "माझी आई अंथरुणाला खिळली आहे. रोज संध्याकाळी तुमचं एक पान तिला वाचून दाखवते. पानं संपली की परत पहिल्यापासून. ती विचारते, पुढचं कधी येणार?"

मी लगेच उत्तर लिहिलं. ते कुणी वाचलं की नाही, आजवर कळलेलं नाही. कुणीतरी दाराशी उभं होतं आणि कडी माझ्या अभिमानाने घातली होती. बोलायला जमत नाही तर वाच, हेही त्यातच लिहिलेलं होतं.

मग मी रोज दुपारी एक पान लिहू लागले आणि संध्याकाळी ते आप्पांना वाचून दाखवू लागले. ते छताकडे बघत राहायचे. महिनाभर काही नाही. एका गुरुवारी तेलाची गोष्ट लिहिली. कारखान्यातल्या दत्ताच्या फोटोपुढे आप्पा दर गुरुवारी दिवा लावायचे, त्यासाठी आई आदल्या रात्रीच औषधाच्या बाटलीत गोडेतेल भरून ठेवायची. घरात तेलाची ओढाताण असायची. पण आई म्हणायची, गुरुवारचं तेल देवाला जातं म्हणून आपला डबा पुरतो.

इथवर वाचलं आणि आप्पांचा डावा हात हलला. तर्जनी आडवी हलली. नाही.

"काय नाही, आप्पा? दिवा लावत नव्हता?" बोट स्थिर. "गोडेतेल नव्हतं?" बोट हललं. नव्हतं. तुपाचा? नाही. मग मला आठवलं, दसऱ्याला आम्ही पोरं कारखान्यात पूजेला जायचो, तेव्हा त्या फोटोची काच काजळीने काळी असायची. "मशीनचं तेल?" डाव्या बाजूचा ओठ वर गेला. आठ महिन्यांनी माझे वडील हसले. "आणि आईचं तेल कुठे जायचं?" त्यांनी हळूच मान वळवली आणि स्वयंपाकाच्या ओट्याकडे पाहिलं.

आई उठायच्या आत ते परत डब्यात ओतत असणार.

आप्पा चैत्रात गेले. त्या संध्याकाळनंतर बोट आणखी चार-पाच वेळाच हललं असेल. पण ते आत होते, हे मला कळलं. तेवढंच मी मागितलं असतं, मागण्याइतकी श्रद्धा उरली असती तर. न मागता मिळालं. आई म्हणायची डबा दत्ताने पुरवला. तिचं चुकलं, असं मला आजही म्हणवत नाही. हाताशी जे होतं ते आप्पांनी जाळलं, आणि देवाने ते चालवून घेतलं.

मी लिहिते आहे. दिवाही लावते. ब्लॉगवरची परवानगीची अट काढून टाकली आहे. कोण येईल, काय म्हणेल, ते आता दत्ताकडे.