मुरडलेलं नाक

अकोल्याच्या जुन्या शहरात माणिकबाईंच्या नाकाचा भारी बोलबाला होता. तान्ह्या लेकराच्या टाळूला नाक लावायच्या आणि सांगायच्या, "याचं पोट बिघडून राह्यलं." गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली. टाळूवर तेल जिरवून झालं की लेकराला पोटभर हुंगायचं, याचं त्यांना वेडच होतं.

गेल्या हिवाळ्यात सर्दी-ताप आला आणि ते नाक गेलं. ना फोडणी कळे, ना गटार. पुढे वास परत आले, पण असे आले की गेलेले बरे होते. लसूण तव्यावर पडला की घरात घूस मेल्यासारखी घाण. कांद्यालाही तीच, चहालाही तीच. साबण लावावा तर अंगालाच दुर्गंधी. थंड दूधभात तेवढा कसाबसा घशाखाली उतरायचा. आपल्याच स्वयंपाकघराची बाईला किळस आली होती.

अकोल्यात कुणी पाहील म्हणून त्यांनी अमरावतीचे डॉक्टर गाठले. डॉक्टर म्हणाले, "वासाच्या नसांची टोकं तापात मेली. आता नवी फुटताहेत, मेंदूपर्यंत पोचताहेत, पण भलत्याच जागी जोडली जाताहेत. रोज ओळखीचे वास घ्या, जुना वास आठवत घ्या. जोडण्या हळूहळू सुधारतील. कधी, ते नाही सांगता येत." माणिकबाईंनी हे कुणालाच सांगितलं नाही. ज्या नाकावर जन्मभर मिरवलं, तेच गेलं म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं?

अशात मूर्तिजापूरला दिलेली लेक दीपमाला बाळंतपणाला आली. तिला पहिली मुलगी होती, दुसरीही मुलगीच झाली. माणिकबाईंनी नातीला पायांवर घेतलं, न्हाऊ घातलं, टाळूवर तेल जिरवलं आणि सवयीनं वाकल्या. सडक्या कांद्याच्या पोत्यात तोंड घातल्यासारखं झालं. त्यांनी झटकन मान फिरवली. दुसऱ्या दिवसापासून नाकाला पदर बांधून आंघोळ उरकायची आणि लेकरू लेकीच्या हवाली करायचं, असं सुरू झालं.

दीपमाला सगळं पाहत होती. एके सकाळी तिनं पिशवीच भरायला घेतली.

"कुठी चालली वं?"

"मूर्तिजापूरले. थोरलीले किती हुंगत होती तू! आन् हिच्याकडं पाहून नाक मुरडते. दुसरीबी पोरगीच झाली म्हणून ना? सासरी तेच, आन् इथंबी तेच."

माणिकबाईंनी पिशवीचा बंद धरला. "नाई वं माय! माह्यं नाकच सडलं. मले हिच्या टाळूले घाण वास येते. अन्नालेबी येते. तुह्यासाठी लाडू वळले ना, तवा न्हाणीत जाऊन ओकली मी." मग डॉक्टरांचं सगळं बोलणंही त्यांनी सांगून टाकलं.

 दीपमालानं पिशवी खाली ठेवली आणि लेकरू आईच्या मांडीवर दिलं.

"हुंग."

"अवं, ओकारी येईन मले."

"येऊ दे. डॉक्टरनं सांगतलं ना, ओळखीचा वास घे म्हणून? मंग रोज हुंग."

माणिकबाईंनी पदर सोडला आणि टाळूला नाक टेकवलं. कुजकी घाण भसकन डोक्यात शिरली. पोट ढवळलं, डोळ्यांतून पाणी आलं, नाक चांगलंच मुरडलं. पण त्यांनी ते तिथून हलवलं नाही.