तीन चेंडू आणि एक मोदक

छातीच्या हाडामागे, थायमस ग्रंथीत लिंबाएवढी पाण्याची गाठ आहे हे कळल्यावर सुचित्राने डॉक्टरांना एकच विचारलं होतं, "गणपतीला घरी असेन ना?" मस्कतच्या त्या डॉक्टरांनी नुसतं 'इन्शाल्ला' म्हटलं आणि बरगड्यांमधून दुर्बीण घालून गाठ काढली.

आता गणपती परवावर आले. नळीतून श्वास ओढून फुप्फुसांच्या व्यायामाच्या डबीतले तिन्ही चेंडू वर चढवल्याशिवाय तिला सोडणार नव्हते. पण टाके ओढले जायचे आणि बिचारा एकच चेंडू जरासा हलायचा.

"चेची, जोर लगाओ," मल्याळी सिस्टर तिला आपल्या भाषेत ताई करत म्हणाली.

नवरा गुरुदत्त धीर द्यायला जवळ सरकला. "अगं, घाई नको करूस. नैवेद्याचं मी बघितलंय."

नळी तोंडात धरूनच सुचित्राने भुवया उंचावल्या.

"शेजारच्या भावनावहिनी देतायत मोदक. फ्रोझन. सुचित्राच्या मोदकांपेक्षा यांच्या कळ्या सुबक असतात म्हणाल्या. मीही म्हटलं, खरंय."

सुचित्राने असा श्वास आत ओढला, की तिन्ही चेंडू टणकन वर जाऊन चिकटले.

"खलास! हो गया! कल छुट्टी!" सिस्टरने टाळ्या वाजवल्या. "साब, आप कल क्यों नहीं बोले?"

सुचित्राने नळी काढली. "आधी जाऊन दोन नारळ आणा. आणि त्या भावनाला म्हणावं, मोदक घरीच खा."