आईचं अनेकवचन

सिडनीच्या वेंटवर्थव्हिलमध्ये सरांसमोर चुकीचं मराठी बोलून सुखरूप घरी पोचलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. सर म्हणजे आमच्या रविवारच्या मराठी शाळेचे सर. खिशात लाल पेन आणि कपाळावर आठी, या दोन गोष्टी बारा महिने जागच्या जागी असायच्या. वाणसामानाच्या दुकानात मराठी गिऱ्हाइकांसाठी हौसेने लिहिलेली 'ताजि मेथि' अशी पाटी दिसली, की सर कोणाला न विचारता दोन्ही वेलांट्या दीर्घ करून टाकत आणि मेथी न घेताच बाहेर पडत. दुकानदार गुजराती, तो बिचारा "थँक्यू अंकल" म्हणायचा. इथली मुलं विचार इंग्रजीत करतात आणि बोलतात मराठीत, त्यामुळे 'माझ्याकडे एक भाऊ आहे' हे वाक्य हमखास येतं. सर उसळायचे, "भाऊ काय कपाटात ठेवलायस? पेन्सिल माझ्याकडे असते. भाऊ मला असतो!" माझी धाकटी हे झोपेतसुद्धा बरोबर म्हणायची.

समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर घरोघरी टपालाने मतपत्रिका आल्या आणि सरांच्या अंगात आलं. कोणी कोणाशी लग्न करावं याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, असं ते म्हणत. धास्ती होती ती शाळांची. कायदा झाला की शाळा मुलांना भलतंसलतं शिकवणार, हा त्यांचा घोष. त्यांनी पत्रक काढलं, अर्थातच बिनचूक, आणि वर्ग सुटल्यावर प्रत्येक पालकाच्या हातात कोंबलं. शेवटची ओळ होती, 'आईचं अनेकवचन व्याकरणात असतं, घरात नसतं.' मी म्हटलं, "सर, मी तर यसवर खूण करून पोस्टात टाकलंसुद्धा." ते मनापासून हळहळले. "तुमचं शुद्धलेखन इतकं चांगलं, आणि विचार असे कसे हो?" मला तेव्हा हसू आलं होतं. मेलबर्नला, डँडेनॉन्गमध्ये राहणाऱ्या त्यांच्या एकुलत्या लेकीला आलं नाही. तिच्या घरात ती, तिची जोडीदार आणि तीन वर्षांची रेवा होती. तिने फोन करून विचारलं, "बाबा, पत्रकातलं ते घर कोणाचं?" सरांनी फोन ठेवला, आणि पुढची चार वर्षं तिचा फोन उचलला नाही. नातीला त्यांनी मांडीवर कधी घेतलंच नाही. हे मला फार उशिरा, लेकीकडूनच कळलं.

लॉकडाऊनमध्ये शाळा झूमवर आली. मुलांना आत घ्यायचं काम माझ्याकडे. 'म्यूट'ला प्रतिशब्द शोधण्यात सरांनी पहिले दोन वर्ग घालवले. शेवटी "सर्वांनी मुके व्हा" असं फर्मान सुटलं आणि मुलांच्या मागे बसलेल्या आयाबाया फिदीफिदी हसल्या. अशात एका दुपारी सरांच्या लेकीचा मला फोन आला. "रेवाचं नाव घालशील? स्क्रीनवर फक्त फर्स्ट नेम ठेव, प्लीज. मी मराठी बाबांकडूनच शिकले. तिनेही त्यांच्याकडूनच शिकावं असं वाटतं." मी नाव घातलं.

त्या रविवारी 'माझे कुटुंब' वाचायचं होतं. रेवाने खणखणीत वाचलं, "माझ्याकडे दोन आई आहेत. सर, बरोबर आहे का?" आता स्फोट होणार म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. सर स्क्रीनकडे बघत राहिले. तिच्या कपाळावर हुबेहूब त्यांचीच आठी होती. मग त्यांचा कॅमेरा बंद झाला.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "ती कोण आहे ते कळलं मला." मग म्हणाले, "शाळेत काय शिकवतील याची भीती घालत फिरलो. आज माझ्याच शाळेत पोरीने सरळ प्रश्न विचारला, आणि मी पळालो." मी म्हटलं, "मग लेकीला फोन करा." "बॉर्डर उघडली की जातोच," ते म्हणाले. कोविडमुळे राज्याराज्यांमधल्या हद्दी तेव्हा बंद होत्या. फोनला कुठली आलीय बॉर्डर, असं मी तेव्हा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. त्याचा मला अजून राग येतो, त्यांचा आणि माझाही.

बॉर्डर उघडायच्या आत सरांना कोविड झाला. हॉस्पिटलमध्ये कोणाला सोडत नव्हते, आणि नवव्या दिवशी ते गेले. अंत्यविधीला दहा माणसांची परवानगी होती, आम्ही सात जमलो. लेकीला मेलबर्नहून निघता आलं नाही. वर्गात रेवाला आत घ्यायचे, तसंच तिलाही मी स्क्रीनवरूनच आत घेतलं.

तिच्या सांगण्यावरून मी त्यांचं घर आवरायला गेले. मुलांनी पाठवलेल्या गृहपाठाच्या फोटोंचे प्रिंट काढून सर ते लाल पेनने तपासत, स्क्रीनवर त्यांना चुका दिसतच नसत. गठ्ठ्यात वरच रेवाचा कागद होता. 'माझ्याकडे' खोडून वर 'मला' लिहिलं होतं. 'आई' खोडून 'आया'. समासात बारीक अक्षरात शेरा होता, 'अक्षर आईवर गेलंय.'

मी लेकीला फोन करून ते वाचून दाखवलं. ती चिडून म्हणाली, "एवढं लिहिता आलं, मग फोन का नाही केला गं?" तेवढ्यात मागून रेवाचा आवाज आला, "सो इज इट राइट नाऊ?"

"हो," लेक तिला म्हणाली. "मला दोन आया आहेत. आता बरोबर आहे."