तीन स्क्रीन आणि झेंड्यासारखं अक्षर

माझी नोकरी वाचली ती ऑफिस झाडणाऱ्या मावशींमुळे. नाशिक रोडच्या शेअर ट्रेडिंगच्या त्या ऑफिसात माझा पहिलाच आठवडा. मी आठवीत शाळा सोडलेला, घर पार चंद्रपूरकडे. साहेबांनी बजावलं होतं, "सव्वानऊला बाजार उघडायच्या आत लॅपटॉपला दोन्ही मॉनिटर लाव, नाहीतर गावची गाडी धर."

वायरी जोडल्या, पण तिन्ही स्क्रीनवर एकच चार्ट! नऊ वाजून गेले होते.

"तीन आरसे लावले का रं?" मावशी हसल्या. "आधीचा माणूस खिडकीचं बटण अन् झेंड्यासारखं अक्षर संगं दाबायचा. मग तिसरी ओळ."

कीबोर्डवर पाहिलं: खिडकीचं म्हणजे विंडोजचं बटण, झेंड्यासारखं म्हणजे P. दोन्ही एकदम दाबली, आलेल्या यादीतली तिसरी ओळ निवडली आणि तिन्ही स्क्रीन सुट्या झाल्या. बाजार उघडायच्या आत मी तिन्हींवर वेगवेगळे चार्ट लावले.

मावशींना वाचता येत नाही. मला आठवीपर्यंतचं येतं; तेवढं तरी त्यांना एक दिवस नक्की शिकवीन.