तपासणीला आलेला पाहुणा

पाहुणा पहिल्यांदा आला तेव्हा मी मिरची कांडत होते. नालवाडीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत पिठाची चक्की आणि कांडप यंत्र आहे. मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं राहायचो, मी आणि माझे वडील. यंत्र चालू असताना मागचं काहीही ऐकू येत नाही. मी ते बंद केलं, तोंडावरचा रुमाल सोडला, आणि आतून बाबांचा आवाज आला.

"बसा. ऊन लय हाय. अजून पानी पेता का?"

भरदुपारी कोण आलं म्हणून आत डोकावले. बाबा खाटेवर ताठ बसले होते. समोर आमची हिरवी प्लास्टिकची खुर्ची, रिकामी. तिच्याकडे तोंड करून ते उत्तराची वाट बघत होते.

"कोन आलं, बाबा?"

"हळू बोल. पंतप्रधान हाय."

"कोनता?"

"अजून झाला नाई. होनारा हाय. तपासाले पाठवला माह्याकडे."

मी घाबरले नाही. मला आधी पाण्याचा ग्लास दिसला, तो त्यांनी खुर्चीवर ओतला होता आणि फरशी ओली झाली होती. मी फडकं आणलं.

बाबांकडे तपासायला पाठवणं यात त्यांच्या मते नवल काहीच नव्हतं. ते हिंगणघाटला कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाड्यांच्या रांगा लागायच्या. बाबा गाडीत कोपरापर्यंत हात घालायचे, आतला कापूस काढायचे, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून पुन्हा पुन्हा ओढायचे आणि धागा उजेडात धरायचे. मग प्रत सांगायचे. कुणाचा चेहरा बघायचे नाहीत. "गाडीच्या वरचा कापूस सारेच चांगला ठेवते," ते म्हणायचे. "पोटातला पाहा लागते." टीव्हीवर कुणाचं भाषण लागलं की पाच मिनिटं ऐकून म्हणायचे, "वरचा कापूस हाय. बंद कर."

देशाचा नेता किती हुशार असावा, यावर आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीवरूनही झाली नसतील. बाबांचं माप ठरलेलं होतं. भिंतीवर ज्यांचा फोटो आहे, त्यांच्या सगळ्या पदव्या बाबांना क्रमाने पाठ होत्या, कोणती कुठल्या देशातली तेही. तेवढं शिकलेला माणूस पाहिजे, त्याच्या खाली उतरायचं नाही. माझा भाऊ पुण्यात इंजिनिअर आहे. तो दिवाळीत आला की मुद्दाम काडी टाकायचा.

"बाबा, नेत्यानं स्वतः कशाले एवढं हुशार असावं? हिशोबाले मानूस ठेवता येते. कायद्याले वकील हाय. त्यानं फक्त हुशार मानसं जवळ ठेवावी."

"अन् जवळचा हुशार हाय का लबाड हाय, हे कोन वळखंन? त्याचा चपराशी?"

भाऊ हसून सोडून द्यायचा. मला दोघांचंही म्हणणं पटायचं आणि दोघांचाही कंटाळा यायचा, कारण वाद संपेपर्यंत कुणी जेवायला उठत नसे.

पाहुणा रोज येऊ लागला. दुपारी, चक्की बंद असायची तेव्हा. उन्हाने गल्लीत कुत्रंही नसायचं, पंखा गरगरत असायचा, आणि आतल्या खोलीत चौकशी चालायची. "दुष्काळ अन् लढाई एकाच साली आली, तर पयले कोनाकडे पाह्यसान?" मग लांब शांतता. मग बाबांचं "हूं". ती शांतता ऐकणं अवघड होतं. बाबा उगाच थांबत नव्हते. समोरचा जेवढा वेळ बोलेल तेवढा वेळ थांबत होते, मध्येच मान हलवत होते. बोटं हवेत काहीतरी ओढत असायची. एकदा चिमटी उजेडाकडे धरून त्यांनी मला विचारलं, "दिसते का?" मी म्हटलं, दिसते. नाही म्हणून काय मिळणार होतं?

पलीकडच्या किराणा दुकानातली बाई दळण घेऊन यायची. तिने एकदा आवाज ऐकला. गव्हाचा डबा खाली ठेवत हळूच म्हणाली, "ताई, बाबा कोनासंग बोलून राह्यले? बाहेरचं तर नाई ना काही?"

"बाहेरचं नाई," मी म्हटलं. "दिल्लीचं हाय."

ती हसली, पण त्यानंतर दळण पोराच्या हाती पाठवू लागली.

दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची होती, आवाज गोड होता. तिने बाबांना वार विचारला. ते सोमवार म्हणाले, होता गुरुवार. शंभरातून सात गेले किती? त्र्याण्णव. त्यातून सात? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. गाडीभर कापसाचं वजन उभ्याउभ्या तोंडी सांगणारा माणूस. हिशेबासाठी त्यांनी माझ्याकडे आजवर कधी पाहिलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. सांगायची मनाई होती.

"बरं आजोबा, आपल्या देशाचे पंतप्रधान कोण?"

बाबा खुलले. "रोज येते माह्याकडे."

"हो का? नाव काय त्यांचं?"

"इचारलं नाई."

"का नाही विचारलं?"

"कापूस कोनाचा हाय हे पाहून प्रत लावत नसतेत, बाई."

डॉक्टरने लिहिणं थांबवलं. मला बाहेर नेऊन तिने आजार समजावून सांगितला. या आजारात माणसं दिसतात, ती खरीच वाटतात, आणि विसरणंही वाढत जातं. एक गोळी आहे, दिसणं कमी होईल, पण अंग जड होऊ शकतं. लगेच द्यायलाच हवी असं नाही.

मी लगेच दिली नाही. मग एका दुपारी बाबा पाहुण्याला पोचवायला निघाले आणि फाटक उघडून थेट नागपूर रोडवर जाऊन उभे राहिले. ट्रकवाल्याने ब्रेक मारला, शिव्या घातल्या, आणि हात धरून त्यांना कडेला बसवलं. त्या दिवसापासून गोळी सुरू केली. भाऊही फोनवर तेच म्हणाला, "दे गोळी. विचार कशाचा करून राह्यली?"

पाहुणा आठवडाभरात यायचा बंद झाला. बाबाही बंद झाल्यासारखे झाले. पाय घासत चालायचे, घास तोंडात तसाच राहायचा, बोटं मांडीवर पडून असायची. दुपारभर खुर्चीकडे बघत बसायचे. एकदाच बोलले. "आज नाई पाठवला?" त्यांच्या आवाजात काम सुटलेल्या माणसाची लाज होती.

मी डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, पडू न देता, बाहेर जाऊ न देता सांभाळता येत असेल तर बंद करून बघा. मी लोहाराकडून फाटकाला वरच्या बाजूला, बाबांचा हात पोचणार नाही अशी कडी लावून घेतली आणि गोळी बंद केली. पाहुणा परत आला. मला बरं वाटलं, हे मी भावाला सांगितलं नाही.

पण आता परीक्षा बदलली होती.

"शंभरातून सात गेले किती? ... बरं. त्यातून सात?" मग ती शांतता. संध्याकाळी मी विचारलं, "जमलं का त्याले?"

"नाई जमलं," बाबा म्हणाले. "राहू दे. हिशोबाले मानूस ठेवता येते."

हे भावाचं वाक्य होतं. इतक्या वर्षांत बाबांनी ते एकदाही मान्य केलं नव्हतं.

मग काही दिवसांनी, "वार मालूम नसला तरी चालते. भिंतीवर कॅलेंडर असते." मग, "वाचता नाई आलं तरी चालते, कोनी वाचून दाखवते." तेव्हाही मला समजलं नाही. समजलं ते एका सकाळी बाबा मोरी शोधत स्वयंपाकघरात आले आणि पिठाच्या डब्यांसमोर उभे राहिले, त्यानंतर. मी त्यांना हाताला धरून नेलं. दुपारी आतून आवाज आला, "घरातला रस्ता ध्यानात नाई राह्यला तरी चालते. घरातलं कोनीबी दाखवते."

मी चाळणी हातात घेऊन तशीच उभी राहिले. बाबांचं जे जे हरवत होतं, ते ते त्या खुर्चीतल्याला माफ होत होतं. भिंतीवरच्या फोटोपासून सुरू झालेलं माप पायरी पायरीने खाली येत होतं, आणि बाबांइतकंच राहत होतं.

त्यानंतर मी दुपारी काम सोडून ऐकू लागले. काय माफ केलं ते ऐकलं की काय गेलं ते कळायचं, दवाखान्याच्या तारखेच्या कितीतरी आधी. गुंड्या लावता नाही आल्या तरी चालते, हे ऐकलं तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी बिनगुंड्यांच्या बंड्या आणल्या. त्यात सोय होती, मी नाकारत नाही. पण एका वाक्याची मला धास्ती बसली होती. एक दिवस ते म्हणतील, घरची माणसं ओळखली नाहीत तरी चालते. यंत्र बंद करताना माझा हात बटणावर थांबायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, ताई, झालं ना दळण, बंद करा. मी आणखी थोडं चालू ठेवायचे.

बाबा जाऊन आता वर्ष होत आलं. यंत्र बंद केलं की कान अजून आत जातो. आत पंख्याचा आवाज असतो. ती शांतताही असते, समोरचा बोलत असल्यासारखी. खुर्ची मी तिथेच ठेवली आहे. गिऱ्हाईक बसायला मागतं तेव्हा दुसरी देते.

त्या खुर्चीत मी एकदाच बसले, बाबा असताना. त्या दिवशी वीज गेली होती, दळणं पडून होती, कंबर धरली होती. बाबांना भरवायला नेहमी खाटेवर बसायचे, पण खाटेच्या त्या बाजूला चादर वाळत टाकली होती म्हणून खुर्ची ओढली आणि ताट मांडीवर घेतलं. भाजी तिखट झाली की काय म्हणून आधी एक घास स्वतःच्या तोंडात घातला.

"तुमी जेवाले बसले?"

मी वर पाहिलं. बाबा मला जन्मभर 'तू' म्हणायचे. ते ताठ बसले होते, पाहुण्यासाठी बसायचे तसे. माझ्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्यांच्या नजरेत ओळख नव्हती.

मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले.

"इचारतो ते सांगा," बाबा म्हणाले. "या घरात मानसं किती?"

"दोन."

"कोन कोन?"

"तुमी. अन् तुमची पोरगी."

"कुठी हाय ते?"

"सैपाकघरात," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

"जेवली?"

मी खरं ते सांगितलं. "नाई."

बाबा पुढे झुकले. त्यांना राग आला होता. खरेदी केंद्रावर कापसात दगड सापडला की यायचा तसा, आवाज न चढवता आलेला.

"सकाळपासून उभी हाय ते. तिच्या पयले घास कसा घेतला तुमी? बाकी काही आलं नाई, ते म्या चालवून घेतलं. हिशोब सोडला. वाचनं सोडलं. हे नाई चालत." बोट दाराकडे गेलं. "उठा. बलावा तिले."

मी उठले. स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. वीज नव्हती, त्यामुळे फ्रीजचाही आवाज नव्हता. मग दुसरं ताट घेतलं, स्वतःसाठी वाढून घेतलं, आणि दोन्ही ताटं घेऊन परत गेले. खुर्चीत बसले नाही. खाटेजवळ खाली बसले.

"आली का, माय?" बाबा म्हणाले. माय ते शेवटी शेवटी सगळ्याच बायांना म्हणायचे, दळण आणणाऱ्या अनोळखी बाईलाही. "जेव. पयले तू जेव."

मी जेवू लागले. ते खुर्चीकडे बघत होते.

"गेला वाट्टे."

"कोन?"

"तपासाचा होता तो. काही येत नाई त्याले. पन उठ म्हटलं तर उठला."

दोन्ही हातांची बोटं वर आली. त्यांनी हवेतला धागा ओढला, पुन्हा ओढला, खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"लावून टाकतो प्रत," ते म्हणाले.

कोणती, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. भाजी निवत होती. मी त्यांचं ताट पुढे ओढलं आणि पहिला घास भरवला.