फ्रिजवरची ग्रान रेझर्व्हा

नोकरी गेल्यावर अमेरिकेच्या व्हिसावर नवी नोकरी शोधायला माझे साठ दिवस उरले, त्यातले एकोणीस मी लिंक्डइनवर लोकांना कॉंग्रॅच्युलेट करण्यात घालवले. मग इथल्याच हर्नडन गावातल्या ओळखीच्या एका काकांनी सांगितलं, "रविवारी जेवायला ये, रेझ्युमे घेऊन. आमच्या कंपनीत ओपनिंग आहे."

काका चारेक वर्षांपूर्वी स्पेनला जाऊन आलेले, तेव्हापासून वाइनचे जाणकार. जेवणाआधी त्यांनी मला शिकवणीच लावली. "स्पेनच्या रिओहा भागातली रेड वाइन. क्रियांझा म्हणजे निदान दोन वर्षं मुरवलेली, त्यातलं एक ओकच्या पिंपात. रेझर्व्हा तीन. आणि ग्रान रेझर्व्हा, पाच!"

आमच्या तालुक्याच्या शाळेत दहावीला पाच वर्षं बसलेला एक जण होता. त्याला कुणी ओकच्या पिंपात ठेवलं नाही, एवढंच.

मी किचनमध्ये जाऊन काकूंना काकांची नक्कल करून दाखवली. भुवई वर, ग्लास नाकाशी, वाइनचा वास घेत, "चेरी येतेय, चेरी!" काकू हसून ओट्याला टेकल्या. "अरे, स्पेनहून आणलेली ती ग्रान रेझर्व्हाची बाटली यांनी चार वर्षं फ्रिजवर ठेवलीय. चांगल्या प्रसंगासाठी. तिथे एवढं गरम होतं की मी पापड ठेवते, मस्त कडक राहतात."

म्हणजे स्पेनवाल्यांनी पाच वर्षं मुरवून, प्यायला तयार करून दिली, आणि आपण तिला वर चार वर्षं शेकलं. घरी आलेला भारी डिनर सेटसुद्धा आपण पाहुण्यांसाठी जपतो आणि पाहुण्यांना पेपर प्लेटमध्ये वाढतो. त्यातलाच प्रकार.

आजचा चांगला प्रसंग मी होतो. काकांनी बाटली उघडली, सगळ्यांना ओतली. त्यांची मुलगी एक घोट घेऊन म्हणाली, "डॅड, धिस इज व्हिनेगर."

काका तिच्याकडे बघेचनात. माझ्याकडे बघत होते. माझा रेझ्युमे त्यांच्या कोपराखाली होता.

"तू सांग. खरं खरं."

मी घोट घेतला. घशातून लोणच्याचा खार उतरावा तसं झालं. पण व्हिसाचे एकेचाळीसच दिवस उरले होते.

"काका, चेरी येतेय," मी म्हणालो. त्यांच्याच आवाजात नाही, माझ्या आवाजात. ते जास्त अवघड होतं.

मुलगी म्हणाली, "अनबिलीव्हेबल."

"बघ, याला कळतं," काका तिला म्हणाले. मग मला, "उद्या सकाळी तुझं रेफरल टाकतो."

आणि त्यांनी माझा ग्लास काठोकाठ भरला. मी प्यायलो. सावकाश, जाणकारासारखा.