कुंपणाचे टेकू

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही, घरच्या बाईलाही नाही. अकोल्याला जठारपेठेच्या बाजूला एक इमारत चालू असताना रस्त्याकडचं पत्र्याचं कुंपण पडलं. त्याचे टेकू मी काढले होते. निघालेलं लाकूड मीच देऊन टाकलं होतं. आणि विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो.

मी मूळचा अमरावतीचा. एका ठेकेदाराकडे साइटवर देखरेखीला होतो. मजूर मला मिस्त्रीच म्हणत. कुंपणाची जबाबदारी माझ्यावर होती. काळ्या जमिनीत मुरूम लागेपर्यंत पाया खणावा लागतो, म्हणजे विहिरीसारखे खड्डे. त्यात माणूस, जनावर पडू नये म्हणून बल्ल्या पुरून पत्रे ठोकले होते. काळी माती कुंपणाची वैरीण. उन्हाळ्यात ती फाटते, बल्लीभोवती बोट जाईल अशी फट पडते आणि काल घट्ट असलेली बल्ली आज म्हाताऱ्याच्या दातासारखी हलते. म्हणून बल्लीच्या खड्ड्यात तीच माती परत टाकायची नाही. मुरूम आणि दगडाच्या चिपा घालून ठासायचं. आणि पत्रा वारा धरतो. आतून वारा आला की कुंपण रस्त्यावर जाऊ पाहतं, बाहेरून आला की खड्ड्यात. त्यासाठी दोन्ही बाजूंनी तिरपे टेकू. मी रोज सकाळी एकेक बल्ली हातानं हलवून बघत असे. हे एवढ्यासाठी सांगतो, की मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

आतल्या अंगाला चौकीदाराची तट्ट्याची खोपडी होती. तो आणि त्याची बायको. दोघं बाळापूरकडची. धर्मांतराला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. दिवेलागणीला हातपाय धुऊन दोघं बुद्धाच्या तसबिरीपुढं बसत आणि तो भरल्या आवाजात वंदना म्हणे. एकदा मी अर्थ विचारला, तर त्यानं पाचही शीलं समजावून सांगितली. दुसरं होतं ते असं, की जे कोणी दिलेलं नाही ते घेणार नाही. गावी त्यांच्या वस्तीत वंदना तोच सांगत असे, बाकीचे त्याच्यामागून म्हणत. हे सांगताना तो जरा ताठ बसला होता.

त्या उन्हाळ्यात टॉकीजचा एक माणूस आला. कुंपण मोक्याच्या जागी आहे, त्यावर सिनेमाचा बोर्ड लावू द्या म्हणाला. बदल्यात दर खेळाचे पास. मी काही पास ठेकेदारालाही दिले, त्यामुळे तोही काही बोलला नाही. बोर्ड म्हणजे बांबूच्या चौकटीवर ताणलेलं रंगीत कापड, पत्र्याच्याही वर गेलेलं. पण बाहेरचे टेकू नटीच्या तोंडावर येत होते. टॉकीजवाला हसून म्हणाला, "बाईच्या गालावर लाकूड काहून ठेवलं भाऊ? काढून टाका ना." आतले टेकू आहेत, चार दिवसांचा प्रश्न आहे, असं मी मनाशी म्हणालो आणि बाहेरचे काढले.

ठेकेदार त्या दिवशी अमरावतीला गेलेला. चौकीदार दळण घेऊन गिरणीवर. काढलेलं लाकूड तसंच पडलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं. म्हणून मी चौकीदाराच्या बायकोला हाक मारली आणि म्हणालो, घेऊन जा, चुलीला होईल. ती थबकली.

"मालक काही म्हननार नाही ना?"

"मी देऊन राहिलो ना," मी म्हणालो.

ही मेहरबानी नव्हती. मला लाकूड नजरेआड करायचं होतं.

दोन दिवसांनी दुपारी वावधान सुटलं. धूळ, पालापाचोळा, आभाळ पिवळं. वारा इमारतीच्या आतून आला आणि बोर्डासकट सगळी ओळ रस्त्यावर आडवी झाली. त्या सावलीत एक टरबूजवाली बसत असे. तिचा खांदा मोडला.

दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं येऊन टेकू कुठं गेले म्हणून विचारलं. मग तो खोपडीत शिरला. चुलीपाशी अर्धी जळालेली लाकडं होती, खिळ्यांची भोकं असलेली. बोर्डाचा विषय त्यानं काढला नाही. पास त्यानंही वापरले होते. तो चौकीदाराला म्हणाला, "धरम बदलला, हात नाही बदलला काय रे?"

चौकीदाराला काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं बायकोकडं पाहिलं. ती म्हणाली, "मिस्त्रीनं देल्ले. मी तं नाहीच म्हनत होती."

ठेकेदार माझ्याकडं वळला. मी म्हणालो, "मी काहून देईन?"

एवढंच. मला वाटलं होतं चौकीदार आता माझ्या अंगावर येईल, आणि आला असता तर कदाचित माझ्या तोंडून खरं निघालं असतं. पण त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. तो बायकोकडं पाहत राहिला. त्याच दिवशी त्यांना काढून टाकलं. तसबीर फडक्यात गुंडाळून त्यानं काखेत धरली होती. बायको मागून चालत होती, नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवून.

मी तिथंच कामाला राहिलो. टेकू पुन्हा ठोकले.

बऱ्याच वर्षांनी अंजनगाव सुर्जीला एका गोदामाच्या कामावर होतो, तेव्हा चौकीदाराची बायको मला दिसली. बहिणीकडं कापूस वेचायला आली होती, दोघी वावरातून परतत होत्या. कुंपणापाशी उभी राहून तिनं एक टेकू पायानं हलवून पाहिला.

"दोन्हीकून ठोकले या वख्ताले," ती म्हणाली.

मी तिला चौकीदार कसा आहे विचारलं. बाळापूरलाच आहे, मजुरी करतो, असं तिनं सांगितलं. वंदना आता दुसराच कोणी सांगतो. हा मागं बसतो, आणि दुसरं शील आलं की याचा आवाज बंद होतो.

"आनि तो मले पुसते अजून," ती म्हणाली. "भांडत नाही, मारत नाही. नुसतं पुसते. खरं सांग, देल्ले होते का तुवंच उचलले? आधी शपथ घेऊन सांगे मी. आता नाही सांगत."

मी म्हणालो, मी बाळापूरला येतो, त्याला सांगतो. तिनं माझ्याकडं पाहिलं. रागावून नव्हे, न येणाऱ्या पाहुण्याला म्हणावं तसं "या ना" म्हणाली आणि बहिणीच्या मागं निघून गेली.

एकदा गेलोही. बाळापूरच्या स्टँडवर उतरलो, चहा घेतला. वस्ती कुठं ते चहावाल्याला विचारलं. त्यानं हात करून रस्ता दाखवला, आणि मी परतीच्या गाडीत बसलो. आता गेलो तरी त्याचं काय व्हायचं? एका घरात जी एवढी वर्षं त्यांनी संशयात काढली, ती काही माझ्या बोलण्यानं परत येणार नाहीत. तो माझ्यावर तरी विश्वास का ठेवील? हे सगळं मी स्वतःला नीट समजावलेलं आहे. तरी तेवढ्यानं माझं न जाणं काही झाकलं जात नाही.

तिनं लाकूड उचललं नव्हतं, मी दिलं होतं. हे तिच्यासमोर, तिच्या नवऱ्याला, माझ्या तोंडानं सांगणं माझ्याकडं बाकी आहे. मी ते अजून सांगितलेलं नाही.